कात्रीपेक्षा तारीख: चित्रपट प्रमाणनाचा कायदा नेमके काय कापतो?

चौथी_रांग (धागा)

११ एप्रिल ही महात्मा फुल्यांची जयंती. अनंत महादेवन यांचा 'फुले' हा हिंदी चित्रपट २०२५ साली याच दिवशी चित्रपटगृहांत यायचा होता. आला तो २५ एप्रिलला. सेन्सॉर मंडळाने त्याला 'यू' (सर्वांना पाहता येईल असे) प्रमाणपत्र आधीच दिलेले होते, मात्र काही शब्द आणि वाक्ये बदलून घेऊन. वृत्तपत्रांत प्रसिद्ध झालेल्या यादीप्रमाणे 'महार', 'मांग', 'पेशवाई' या शब्दांवर हरकत होती, आणि तीन हजार वर्षांच्या गुलामीचा उल्लेख 'कित्येक वर्षांची' असा मोघम करायचा होता. पुढे झलक पाहून काही संघटनांनी आक्षेप घेतले आणि प्रदर्शन दोन आठवडे लांबले. तेव्हा जी चर्चा झाली ती बहुतेक सगळी गाळलेल्या शब्दांवर झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. माझ्या मनात मात्र तारीख अडकून राहिली. गाळलेल्या शब्दांची निदान यादी तरी असते. हातची गेलेली जयंती कुठल्याच यादीत नोंदली जात नाही.

या धाग्याचा विषय तोच आहे. आपण अजूनही 'सेन्सॉर बोर्ड' म्हणतो आणि ते चुकीचे आहे असे मला वाटत नाही, जरी १ जून १९८३ पासून त्या संस्थेचे नाव केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ असे आहे. नाव बदलताना कायदा तोच राहिला: १९५२ चा सिनेमॅटोग्राफ कायदा. त्याच्या ५ब कलमानुसार चित्रपट किंवा त्याचा कोणताही भाग देशाचे सार्वभौमत्व, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता वा नीतिमत्ता यांच्या हिताविरुद्ध आहे, त्यातून बदनामी किंवा न्यायालयाचा अवमान होतो, किंवा तो गुन्ह्याला चिथावणी देण्याचा संभव आहे, असे अधिकाऱ्याचे 'मत' झाले तर त्याला प्रमाणपत्र मिळत नाही. पुस्तक आधी छापले जाते, मग खटला भरायचा तो भरला जातो. चित्रपटाला मात्र आधी परवानगी लागते.

याला पहिले मोठे आव्हान दिले ते ख्वाजा अहमद अब्बास यांनी. मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि दिल्ली या शहरांतली श्रीमंती आणि दारिद्र्य समोरासमोर ठेवणारा त्यांचा सोळा मिनिटांचा लघुपट होता, 'चार शहर एक कहानी'. मुंबईच्या वेश्यावस्तीतल्या काही दृश्यांमुळे त्याला आधी 'ए' (फक्त प्रौढांसाठी) प्रमाणपत्र देण्यात आले आणि मग ती दृश्ये काढली तर 'यू' देऊ असे सांगण्यात आले. अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले. सुनावणी चालू असतानाच सरकारने एकही दृश्य न कापता 'यू' देण्याची तयारी दाखवली. म्हणजे भांडणाचे कारणच संपले होते. पण अब्बास यांनी अर्जात दुरुस्ती करून पूर्वपरीक्षणाच्या तत्त्वालाच आव्हान कायम ठेवले. १९७० साली सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्या घटनापीठाने निकाल दिला: चित्रपट हे माध्यम इतर कलांपेक्षा मनावर अधिक खोल परिणाम करते, तेव्हा त्याला वेगळी वागणूक देणे घटनाबाह्य नाही. त्याच सुनावणीत सरकारने दोन गोष्टी मान्य केल्या होत्या. निर्णयाला कालमर्यादा असेल, आणि मंडळाच्या निर्णयावरचे अपील सरकारकडे न जाता न्यायालयाकडे किंवा स्वतंत्र लवादाकडे जाईल.

तो लवाद प्रत्यक्षात यायला १९८३ उजाडले. नामंजूर झालेल्या 'लिपस्टिक अंडर माय बुरखा' ला २०१७ साली 'ए' प्रमाणपत्राची वाट याच लवादाने मोकळी करून दिली. एप्रिल २०२१ मध्ये एका अध्यादेशाने, इतर अनेक लवादांबरोबर, तो बंद झाला. आता मंडळाविरुद्ध थेट उच्च न्यायालयात जावे लागते. त्या दिवशी चित्रपटातली एकही चौकट कापली गेली नाही, आणि तरीही माझ्या मते गेल्या चाळीस वर्षांत चित्रपटाच्या अभिव्यक्तीवर आलेले ते सर्वांत मोठे बंधन होते. हे मत पटते का, हे मला जाणकारांकडून ऐकायचे आहे.


कलम१९

धाग्याची मांडणी मला मान्य आहे, परंतु कायद्याच्या मजकुराकडे थोडे अधिक बारकाईने पाहावे असे सुचवतो. घटनेच्या १९(२) मध्ये अभिव्यक्तीवर 'वाजवी निर्बंध' घालण्याची मुभा आहे. सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या ५ब कलमात कारणांची यादी जवळजवळ तिथलीच उचलली आहे, फक्त 'वाजवी' हा शब्द मागे राहिला आहे. प्रकरण न्यायालयात गेले की न्यायाधीश तो शब्द आपोआप परत आणतात. तपासणी समितीच्या टेबलावर तो आणणारे कोणी नसते.

दुसरा अडसर 'कोणताही भाग' या शब्दांचा. १९९१ साली केंद्र सरकारने काढलेली मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की चित्रपट संपूर्ण पाहावा आणि त्याच्या एकूण परिणामावरून पारखावा. मूळ कायदा मात्र भागाकडे बोट दाखवतो. ज्याला कापायचे आहे तो कायदा वाचतो आणि ज्याला सोडायचे आहे तो तत्त्वे वाचतो, असा हा सोयीचा दुहेरी हिशेब आहे. १९९६ साली 'बँडिट क्वीन'च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने संपूर्ण चित्रपट आणि त्यामागचा हेतू पाहिला, म्हणून तो वाचला. त्यातले नग्नतेचे दृश्य सुटे काढून पाहिले असते तर निकाल उलटा गेला असता.

आता 'परिणाम' कोणावर मोजायचा, हा खरा प्रश्न. याचे उत्तर नागपूरने दिले आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नसते. भगवतीचरण शुक्ल यांच्या खटल्यात नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी म्हटले होते की शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर आणि धीट माणसाच्या कसोटीवर मोजावा; दुबळ्या मनाच्या, किंवा प्रत्येक विरोधी मतात ज्याला धोक्याचा वास येतो अशा माणसाच्या कसोटीवर नव्हे. तो खटला वृत्तपत्रातल्या लिखाणाचा होता. पुढे १९८८ साली 'तमस' मालिकेवर बंदी मागितली गेली तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी मालिका स्वतः पाहिली, बंदी नाकारली, आणि सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय उचलून धरताना बोस यांचीच कसोटी वापरली.

त्याच्या पुढच्याच वर्षी रंगराजन खटला आला. आरक्षणाच्या धोरणावर टीका करणाऱ्या 'ओरे ओरु ग्रामत्तिले' या तमिळ चित्रपटाचे प्रमाणपत्र मद्रास उच्च न्यायालयाने रद्द केले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते परत दिले आणि म्हटले की निदर्शनांच्या किंवा हिंसेच्या धमक्यांपुढे अभिव्यक्ती दाबता येणार नाही. धोका दारूच्या कोठारातल्या ठिणगीइतका निकटचा असला पाहिजे. आरक्षणाविषयी त्या चित्रपटाचे मत मला व्यक्तिशः मुळीच पटणारे नाही, आणि म्हणूनच हा निकाल मला मोलाचा वाटतो.

चौथी रांग यांचा मुद्दा यालाच जोडून घेता येतो. हे सगळे उत्तम निकाल आपल्याकडे आहेत. मात्र ते मिळवायला न्यायालयापर्यंत पोहोचावे लागते, आणि २०२१ पासून पोहोचण्याच्या वाटेवरची मधली पायरीच काढून टाकली आहे.


शंकेखोर

वरचे दोन्ही प्रतिसाद वाचले. निकालांची ही माळ देखणी आहे, यात शंका नाही. पण मंडळ नसते तर काय झाले असते, हे कोणी सांगत नाही, म्हणून विरुद्ध बाजू मी मांडतो.

'सत्यम् शिवम् सुंदरम्'वर अश्लीलतेचा फौजदारी खटला झाला तेव्हा राज कपूर यांना कशाने वाचवले? मंडळाच्या प्रमाणपत्राने. १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की प्रमाणपत्रावर विसंबून सद्भावनेने चित्रपट दाखवणाऱ्याला त्या प्रमाणपत्राचे कायदेशीर संरक्षण मिळू शकते. 'पद्मावत'च्या वेळी राज्य सरकारांनी बंदी घातली, आणि जानेवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रोखली ती याच आधारावर, की एकदा केंद्रीय मंडळाने चित्रपट संमत केल्यावर राज्यांना तो अडवता येणार नाही. घटनेत चित्रपट संमत करण्याचा विषय केंद्र सूचीत साठाव्या क्रमांकावर आहे आणि चित्रपटगृहांचा विषय राज्य सूचीत तेहतिसाव्या क्रमांकावर. मंडळ उठवले तर ही तटबंदी ढासळते आणि जिल्ह्या-जिल्ह्यातला दंडाधिकारी सेन्सॉर होतो.

उलट उदाहरणही द्यायला हवे. जानेवारी २०२१ मध्ये 'तांडव' ही वेबमालिका आली. तिला कोणत्याही मंडळाची पूर्वपरवानगी लागली नव्हती, म्हणजे धागाकर्त्यांच्या दृष्टीने ती आदर्श स्थिती. झाले काय? अनेक राज्यांत गुन्हे नोंदवले गेले, निर्मात्यांनी माफी मागितली, दृश्ये काढली, आणि सर्वोच्च न्यायालयाने अटकेपासून अंतरिम संरक्षण द्यायला नकार दिला. कात्री नव्हती, कोठडीची भीती होती. मला विचाराल तर कोठडीपेक्षा कात्री बरी.

शिवाय घरात आजी आणि नातवंडे एकत्र बसून चित्रपट पाहतात. पुढे काय येणार आहे याची आगाऊ कल्पना देणारी व्यवस्था असावी, यात दडपशाही कुठे आली?


चौथी_रांग

शंकेखोर, आपल्या शेवटच्या मुद्द्याशी माझे भांडणच नाही. आगाऊ कल्पना द्यावी, वयोगट सांगावा, आणि २०२३ च्या दुरुस्तीने ते केलेही आहे. पूर्वीच्या एकाच 'यूए' (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा अशा) गटाचे आता सात, तेरा आणि सोळा वर्षांवरील असे तीन भाग झाले आहेत. आजीला नातवंडाविषयी जो निर्णय घ्यायचा आहे तो घेण्याइतकी माहिती तिला मिळते. प्रश्न असा की आजीला माहिती दिल्यावर पुन्हा शब्द कशासाठी गाळायचे?

प्रमाणपत्र ही ढाल आहे, हा मुद्दा मात्र मला निरुत्तर करतो. त्यावर विचार करून लिहीन.


प्रभातकालीन

मी जुन्या काळात रमणारा माणूस आहे, तेव्हा थोडे मागे नेतो. आपल्या हल्लीच्या कायद्याचा आजोबा १९१८ चा आहे. त्याखाली १९२० साली मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगून येथे परीक्षण मंडळे बसली, आणि मुंबईच्या मंडळावर पोलीस आयुक्तांचा वरचष्मा असे. १९२१ च्या 'भक्त विदुर'वर मद्रास आणि सिंध प्रांतांत बंदी आली, कारण महाभारतातला विदुर गांधींसारखी टोपी घालून आणि खादी नेसून पडद्यावर वावरत होता. परीक्षकांची नजर किती तीक्ष्ण होती ते पाहा. पौराणिक कथेतले राजकारण त्यांना आजच्या समीक्षकांपेक्षा लवकर कळले.

प्रभातच्या मंडळींना याची झळ दोनदा बसली. १९३० साली शिवछत्रपतींवरच्या चित्रपटाचे नाव 'स्वराज्याचे तोरण' होते. 'स्वराज्य' हा शब्द चालणार नव्हता, तेव्हा चित्रपट 'उदयकाल' या नावाने आला. पाच वर्षांनी बालगंधर्वांना एकनाथांच्या भूमिकेत घेऊन शांतारामबापूंनी 'महात्मा' काढला. संत एकनाथांना महात्मा म्हणायचे नाही तर कोणाला म्हणायचे? पण त्या शब्दाचा त्या वर्षी एकच अर्थ होता आणि परीक्षकांना तो पक्का ठाऊक होता. चित्रपट 'धर्मात्मा' झाला. अस्पृश्याच्या घरी जेवणाऱ्या एकनाथांची कथा तशीच राहिली, वरची पाटी बदलली. इतक्या वर्षांनी 'फुले'मधल्या शब्दांची यादी वाचताना मला ही पाटीच आठवली. तेव्हाही आणि आताही हरकत घेणाऱ्याला शब्दाचा अर्थ अगदी नेमका कळलेला असतो.

नाटकाचे उदाहरण तर आपल्या अंगणातले आहे आणि त्याचा उल्लेख इथे कोणीच केला नाही, याचे नवल वाटले. १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याच्या छायेत आपली रंगभूमी वाढली. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर १९१० साली बंदी आली, कारण कीचकात लोकांना कर्झन दिसत होता. तो १८७६ चा कायदा संसदेने अलीकडे रद्दही करून टाकला. तरीही महाराष्ट्रात आज नाटकाची संहिता प्रयोगाआधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवावी लागते, आणि त्यामागचा अधिकार येतो तो १९५१ च्या पोलीस कायद्यातून. 'सखाराम बाइंडर'साठी कमलाकर सारंगांना १९७० च्या दशकात उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली ती याच व्यवस्थेमुळे. २०१६ साली अमोल पालेकरांनी या पूर्वपरीक्षणाला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. इंग्रजांचा कायदा गेला, पण त्याने लावलेली सवय पोलिसांच्या नियमावलीत जाऊन बसली.


थेम्सकाठ

प्रभातकालीन यांच्या नाटकाच्या मुद्द्याला इथून एक जोड देतो. ज्यांच्याकडून आपण ही पद्धत घेतली त्या ब्रिटनमध्ये नाटकाची संहिता राजवाड्यातल्या लॉर्ड चेंबरलेनकडे जात असे. १९६८ च्या कायद्याने ते बंद झाले, म्हणजे बाइंडरचा खटला उभा राहण्याच्या आधीच. चित्रपटांसाठी इथे १९१२ पासून एक मंडळ आहे. ते सरकारी नाही. चित्रपट व्यवसायाने स्वतःसाठी उभारलेले आहे. त्यानेही १९८४ साली आपल्या नावातला 'सेन्सॉर' शब्द काढून 'वर्गीकरण' हा शब्द घेतला, आपल्या मंडळाच्या नामांतरानंतर अवघ्या एका वर्षाने. इथे नावाबरोबर बरेचसे कामही बदलले, एवढाच फरक.

१९५२ या सालाविषयीही थोडे लिहितो. भारतात सिनेमॅटोग्राफ कायदा झाला त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'द मिरॅकल' या इटालियन लघुपटाच्या खटल्यात आपला १९१५ चा निकाल फिरवला. चित्रपट हा निव्वळ धंदा आहे, त्याला अभिव्यक्तीचे संरक्षण नाही, असे १९१५ ला म्हटले होते. ते चुकले, असे १९५२ ला ठरले.

आणि एक ताजी गोष्ट. संध्या सूरी यांचा 'संतोष' हा हिंदी चित्रपट, एका विधवा पोलीस शिपाई बाईची कथा, २०२४ साली कान महोत्सवात दाखवला गेला आणि ऑस्करसाठी ब्रिटनची अधिकृत प्रवेशिका झाला. मी तो इथल्या चित्रपटगृहात तिकीट काढून पाहिला. २०२५ साली भारतीय मंडळाने त्यात इतके बदल मागितले की तिथे तो चित्रपटगृहांत येऊ शकला नाही. उत्तर भारतातल्या पोलीस ठाण्यावरचा हिंदी चित्रपट मी इंग्लंडात पाहायचा आणि पुण्यातल्या माझ्या भावाने तो माझ्याकडून ऐकायचा, असा हा उफराटा प्रकार आहे.


मांडवीकाठी

मी गोव्यात राहतो. नोव्हेंबर आला की आम्हाला चित्रपट महोत्सवाचे वेध लागतात, म्हणून २०१७ ची आठवण करून देतो. त्या वर्षी निवड समितीने भारतीय विभागासाठी निवडलेल्या चित्रपटांपैकी दोन माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने परस्पर वगळले: रवी जाधव यांचा मराठी 'न्यूड' आणि सनलकुमार शशिधरन यांचा मल्याळम 'एस दुर्गा'. समितीचे अध्यक्ष सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला. 'एस दुर्गा' दाखवावा असा आदेश केरळ उच्च न्यायालयाने महोत्सव चालू असताना दिला, पण पणजीत तो शेवटपर्यंत दाखवला गेला नाही.

'न्यूड' ही चित्रकला महाविद्यालयात विद्यार्थ्यांसमोर नग्न बसून पोट भरणाऱ्या बाईची गोष्ट आहे. जानेवारी २०१८ मध्ये, म्हणजे महोत्सव संपून जेमतेम दोन महिने झाले असताना, मंडळाने त्याला एकही दृश्य न कापता 'ए' प्रमाणपत्र दिले आणि एप्रिलमध्ये तो प्रदर्शित झाला. म्हणजे चित्रपटात आक्षेपार्ह काहीच नव्हते, असा निर्वाळा सरकारच्याच मंडळाने दिला. पण महोत्सव पुन्हा भरवून कोणी त्याला त्याची जागा परत दिली नाही. चौथी रांग म्हणतात ती तारीख हीच.


कलम१९

मांडवीकाठी यांच्या उदाहरणात कायद्याचा एक तपशील घालतो. महोत्सवात दाखवायच्या चित्रपटाला प्रमाणपत्र लागतेच असे नाही. कायद्याच्या नवव्या कलमाखाली सरकार सूट देऊ शकते. सूट देणे जसे सरकारच्या हातात, तसे ती न देणेही. तिथे मंडळ नाही, समिती नाही आणि अपीलही नाही.

शंकेखोर यांच्या 'तांडव'विषयी लिहायचे तर, २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी वेबमालिकांसाठीही आचारसंहिता आणि तिच्यावर तीन पातळ्यांची देखरेख आणली. त्या नियमांतल्या आचारसंहितेच्या पालनासंबंधीच्या भागाला मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये स्थगिती दिली, आणि याचिकाकर्त्यांपैकी एक आपले पत्रकार निखिल वागळे होते. कोठडीची भीती खरी आहे, हे मी मान्य करतो. पण तिचे औषध फौजदारी कायद्यात शोधायला हवे. गुन्हा कोणीही, कुठेही, कितीही ठाण्यांत नोंदवू शकतो, हा दोष पोलिसांच्या कायद्याचा आहे. त्यावर उपाय म्हणून दिग्दर्शकाने आधीच कात्री मागून घ्यावी, हे मला पटत नाही.


पडद्यामागे

चर्चा वकिलांच्या वळणाने चालली आहे, म्हणून हिशेबाची बाजू मांडतो. मी काही वर्षे मराठी चित्रपटांच्या वितरणात काढली आहेत.

मराठी चित्रपटाला पडदा मिळतो तो हिंदीच्या दोन मोठ्या चित्रपटांमधल्या फटीत. ती फट कोणती, हे तीन-चार महिने आधी हेरावे लागते. त्या शुक्रवारच्या हिशेबाने पोस्टर छापले जातात, कलाकारांच्या वाहिन्यांवरच्या मुलाखती ठरतात, आणि सावकाराचे व्याजही त्याच शुक्रवारपर्यंत मोजलेले असते. प्रमाणपत्र हातात नसेल तर आगाऊ तिकीटविक्री उघडता येत नाही. शुक्रवार हुकला की पुढची फट दोन महिन्यांनी मिळते, आणि तोवर जाहिरातीचे पैसे संपलेले असतात. अशा वेळी समितीने पाच शब्द गाळायला सांगितले तर निर्माता त्या शब्दांचा विचार करत बसत नाही. तो ध्वनिमुद्रकाला फोन करतो. या पाच शब्दांसाठी कोणी उच्च न्यायालयात गेल्याचे कधीच कुठे छापून येत नाही, कारण कोणी जातच नाही.

२०१६ च्या 'उडता पंजाब'चे उदाहरण नेहमी दिले जाते. समितीने सुचवलेले तेरा बदल मुंबई उच्च न्यायालयाने एका कटावर आणि सूचनेच्या पाटीतल्या दुरुस्तीवर आणून ठेवले. निकाल १३ जूनचा, प्रदर्शन १७ जूनचे. चार दिवस आधी निकाल मिळवण्यासाठी ज्या तोडीचे वकील उभे करावे लागतात, त्यांच्या एका दिवसाच्या मोबदल्यात आमच्याकडे गाण्याचे चित्रीकरण होते. लवाद होता तेव्हा दिग्दर्शक स्वतः जाऊन बाजू मांडू शकत असे.

वेळ विकता येतो, हेही विसरू नये. २०१४ साली मंडळाच्या तत्कालीन मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने अटक केली होती. प्रकरण छत्तीसगढी चित्रपटाचे होते. कोट्यवधींच्या हिंदी चित्रपटाचे नव्हते, हे मुद्दाम लिहितो. जिथे निर्मात्याजवळ वेळ कमी आणि दुसरी वाट नाही, तिथेच असा बाजार भरतो.


शंकेखोर

पडद्यामागे यांचा प्रतिसाद वाचून मला एक पाऊल मागे घ्यावे लागते. प्रमाणपत्राच्या ढालीविषयी जे म्हटले ते मी सोडत नाही. पण ढाल देणाऱ्याने ती लढाई संपल्यावर द्यायची नसते, हेही कबूल आहे.

मात्र एक गोष्ट सुचवतो. आतापर्यंतची बहुतेक उदाहरणे एकाच बाजूची आहेत: जातिव्यवस्थेवर बोट ठेवणारे, सरकारला अडचणीचे, बाईच्या देहाविषयी मोकळे असे चित्रपट. त्यामुळे वाचणाऱ्याला वाटते की हा एका विचारसरणीचा दुसरीवर अन्याय आहे. तसे नाही. २०२५ मध्येच उत्तर प्रदेशचे मुख्यमंत्री योगी आदित्यनाथ यांच्या चरित्रावर बेतलेला 'अजेय' हा चित्रपट मंडळाने अडवला. तो काही सरकारविरोधी नव्हता!


चौथी_रांग

शंकेखोर यांनी फार योग्य उदाहरण दिले आणि ते मला आधी सुचले नाही याची खंत वाटते.

ढालीच्या मुद्द्यावर माझे उत्तर असे. श्याम बेनेगल यांच्या समितीने २०१६ साली सुचवले होते की मंडळाने वयानुसार वर्गीकरण करावे आणि कापाकापी सुचवू नये. ५ब चा भंग होत असेल किंवा चित्रपट सर्वांत वरच्या गटाच्याही मर्यादेपलीकडे जात असेल, तरच प्रमाणपत्र नाकारावे. म्हणजे ढाल राहते आणि कात्री जाते. २०२३ च्या दुरुस्तीने त्यातले वयोगट घेतले. प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत काढून ते कायमचे केले, हेही चांगले झाले. संमत झालेला चित्रपट पुन्हा तपासायला लावण्याचा सरकारी अधिकार शंकरप्पा खटल्यात आधी कर्नाटक उच्च न्यायालयाने आणि २००० साली सर्वोच्च न्यायालयाने मोडीत काढला होता. २०२१ च्या मसुद्यात तो मागच्या दाराने येऊ पाहत होता. चित्रपटसृष्टीतून झालेल्या विरोधानंतर अखेरच्या कायद्यात तो आला नाही. पण ५ब कलमाला कोणी हात लावला नाही आणि लवादही परत आला नाही.

माझी मागणी त्यामुळे लहान आहे. ५ब मध्ये 'वाजवी' हा शब्द घाला. ठरलेल्या मुदतीत उत्तर आले नाही, तर निर्मात्याने मागितलेला गट मिळाला असे धरा. लवाद परत आणा. पूर्वपरीक्षण मुळात असावे की नसावे, हा अब्बास यांचा प्रश्न माझ्याही मनात आहे, पण तो सुटेपर्यंत वर्षातले बावन्न शुक्रवार येतच राहणार.


कलम१९

'मुदत टळली तर संमत धरावे' ही कल्पना शासनाला पटणे कठीण आहे, कारण मग अधिकारी मुदतीच्या आदल्या दिवशी सरसकट नकार देतील. त्यापेक्षा नकाराला लेखी, सविस्तर आणि जाहीर कारणे बंधनकारक करावीत. कारण लिहावे लागले की माणूस अधिक जपून बोलतो. २०२५ च्या सुरुवातीला नामदेव ढसाळांच्या कवितांशी संबंधित 'चल हल्ला बोल' या मराठी चित्रपटाच्या निर्मात्यांनी जाहीरपणे सांगितले की त्यांना मंडळातून 'कोण ढसाळ?' असे विचारले गेले. तोंडी विचारता येते तोवरच असा प्रश्न विचारला जातो.


पडद्यामागे

'अजेय'चा उरलेला हिशेब लिहून ठेवतो, कारण तो अर्धाच आला आहे. चित्रपट १ ऑगस्ट २०२५ ला यायचा होता. निर्माते जुलैमध्येच मुंबई उच्च न्यायालयात गेले. दोन दिवसांत निर्णय घेऊ असे मंडळाने न्यायालयाला सांगितले आणि नकार दिला. फेरविचारातही नकारच आला. शेवटी न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि न्यायमूर्ती नीला गोखले यांनी स्वतः चित्रपट पाहिला, त्यात आक्षेपार्ह काही आढळले नाही, आणि २५ ऑगस्टला तो कोणत्याही कटाविना प्रमाणित करण्याचा आदेश झाला. प्रदर्शन १९ सप्टेंबरला झाले.

उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी आपले प्रलंबित खटले बाजूला ठेवून अख्खा चित्रपट पाहायचा, हे काम २०२१ पर्यंत लवाद करत असे.